कोऱ्या टायरच्या कडा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही आमच्या ह्यांनी दिली. पहिल्या पानावर पट्टी घेऊन चार रकाने आखले: तारीख, किलोमीटर, हवा, रस्ता. वर ताकीद, "फक्त आकडे लिही. निबंध नको." बरं म्हटलं. मग वही उलटी केली आणि मागच्या पानापासून हे लिहायला बसले. पुढून आकडे, मागून मी. ह्यांना वाचनाचा इतका कंटाळा की औषधाच्या बाटलीवरचंही मीच वाचून दाखवते, तेव्हा काळजी नाही.

तर आज मोटरसायकलला दोन्ही टायर नवे बसले. जुने तसे नवेच होते, मार्चमध्ये घातलेले. ज्या सकाळी घातले त्याच सकाळी हे कामावर निघाले, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात उजवीकडे वळताना गाडी खालून सटकली आणि उजवा पाय नडगीत मोडला. आत सळई आहे. गाडी आठ महिने जिन्याखाली हवेविना उभी राहिली, टायरना बाजूने चिरा पडल्या. पण चिरा नसत्या तरी हे म्हणालेच असते, "त्या टायरवर मी बसणार नाही."

ह्यांचं काम लॅबचं. डोंगरावरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने थंड पेटीत घालून खाली आणायचे, दोन तासांच्या आत. त्या रस्त्याला एकवीस वळणं आहेत. लॅबच्या बाईंनी सांगितलंय, चोवीस तारखेला एक फेरी करून दाखवा. जमली तर रस्ता तुमचा, नाही तर सध्या जो माणूस जातो त्यालाच कायम करू आणि तुम्हाला आत बसवू, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस चिठ्ठ्यांना डिंक लावतोय हे डोळ्यांसमोर आलं आणि मलाच कसंतरी झालं.

टायर बसवणारे मास्तर म्हणाले, नवा टायर साच्यातून सुटलेला असतो, वरून गुळगुळीत चकाकी असते, ती घासून जाईपर्यंत रस्ता धरत नाही. म्हणजे नव्या कापडाची खळच की! धुतल्याशिवाय मी पडद्याचं कापड कधी कापत नाही. शंभर-दीडशे किलोमीटर प्रेमाने चालवायची, ब्रेक हळू, वेगही हळू वाढवायचा, आणि रोजची पहिली दहा मिनिटं तर फारच जपून, कारण गार रबर आणि गार नवरा दोन्ही लवकर वळत नाहीत. हे मास्तरांचंच वाक्य. पुढे ते वळणांबद्दल काहीतरी सांगत होते, पण तोवर मी हेल्मेट घातलं होतं.

डॉक्टरांनी ह्यांना वीस तारखेपर्यंत लांब चालवायला मनाई केलीय. म्हणून टायर मुरवायचं काम माझ्याकडे. पंधरा वर्षं स्कूटरवरून पडदे पोचवतेय, आणि माहेरी भावाची मोटरसायकल मीच जास्त चालवायची. पण ते वीस वर्षांपूर्वी.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली फेरी झाली! 

काल गाडी दिवसभर उभीच ठेवली. टायर बसवताना साबण लावतात, तो सुकून टायर रिमला नीट धरायला हवा, असं मास्तर म्हणाले होते. आज सकाळी सातला कालव्याच्या रस्त्याला गेले. अकरा किलोमीटर, पट्टीने आखल्यासारखा, शेवटी पंपघर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला निलगिरीची झाडं, माणूस दिसला तर नशीब. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. सुरुवातीला तर इतकी हळू होते की एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि वळून बघून हसला. हस म्हटलं बाबा.

पंपघराशी वळवायची वेळ आली तेव्हा सरळ खाली उतरले आणि गाडी ढकलत, पुढेमागे करत फिरवली. बघायला कोणी नव्हतं. बावीस किलोमीटर.

हे फाटकात घड्याळ घेऊन उभे. गाडी लावली तसे फाटकाला धरून खाली वाकले, आखडलेला पाय बाजूला सोडून बसले आणि टायरवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ठीक." मी विचारलं नाही की कोण ठीक, मी की टायर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कालवा. बावीस. दातांच्या डॉक्टरांचे पडदे द्यायचे होते म्हणून घाईत गेले, पण गाडी हळूच चालवली. घाई माझ्या पोटात होती, हातात नव्हती.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज माझं हसं झालं. टीव्हीवर शर्यतीचे लोक सुरुवातीला गाडी अशी डावी-उजवी नागमोडी नेतात ते पाहिलं होतं. वाटलं, टायर तापवायचे तर असंच. कालव्यावर दोन मिनिटं तसं केलं, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, आणि सोडून दिलं. परत येताना मास्तरांकडे हवा बघायला थांबले आणि फुशारकीने सांगितलं.

मास्तर म्हणाले, "अहो वहिनी, त्याने टायर नाही तापत, बघणारे तापतात. टायर तापतो तो दबल्याने. हळू वेग घ्यायचा, हळू ब्रेक दाबायचा, परत वेग. दहा मिनिटं. मग हात लावून बघा, कोमट लागेल."

नंतर खरंच हात लावून पाहिला. कोमट होता. उगाच फार बरं वाटलं.

हवा मात्र टायर गार असतानाच बघायची असते म्हणे, तापल्यावर काटा खोटं बोलतो. म्हणजे उद्या सकाळी परत जाणं आलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे दहा किलोमीटर झाले. टायरचा मधला भाग आता छान करडा, खरखरीत झालाय. चकाकी गेली. मी ह्यांना अभिमानाने दाखवलं. हे परत खाली बसले, अंगठा फिरवला. मधून फिरवला, मग कडेने. बराच वेळ कडेलाच राहिला अंगठा.

"छान," म्हणाले. "दीडशे नको, दोनशे करू या."

दुधाने तोंड पोळलंय, तेव्हा ताक फुंकून पिणारच. मी म्हटलं, करू की दोनशे, माझं काय जातंय.

आणि खरं सांगायचं तर काहीच जात नाही. आज पन्नासच्या वेगाने जाताना मी गात होते. हेल्मेटच्या आत स्वतःचाच आवाज इतका मोठा येतो की शेवटी गप्प बसले. घरी आल्यावर मशीनवर बसवेना. चार पडदे कापून पडलेत, सरळ शिलाई मारायची, डोळे मिटून होईल असं काम, पण दर दहा मिनिटांनी उठून खिडकीतून गाडीकडे बघत होते.

हेही दिवसभर तसेच. सकाळी कपाटातले खण रिकामे करून परत लावले. दुपारी माझ्या कात्र्यांना धार लावली. चारही कात्र्यांना, नको म्हटलं तरी. मग फाटकाला तेल. घरात दोन माणसं आहेत आणि दोघांच्याही पायांना भिंगरी लागलीय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ह्यांना म्हटलं, डॉक्टरांनी लांब चालवू नका सांगितलंय, बसू नका असं नाही. गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारा. तर म्हणाले गुडघा दुखतोय. काल बाजारातून दोन्ही पिशव्या उचलून आले तेव्हा दुखत नव्हता. थंडी वाढलीय, तेच असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थोरल्या नणंदबाई येऊन गेल्या. ह्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. ह्यांच्यासाठी आणलेलं मलम माझ्या हातात दिलं आणि गाडीकडे बघून म्हणाल्या, "हे काय, तूच चालवतेस? तो कधी बसणार?"

"चोवीसला," मी म्हटलं.

"बसेल?"

"न बसायला काय झालं?"

हे आत पाणी आणायला गेल्याचं बघून त्या हळूच म्हणाल्या, "घाबरलाय तो. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हाही असाच. दोन वर्षं पोहायला गेला नाही, आणि रोज काय सांगायचा, तर कान दुखतो."

मला असा राग आला! आमचे हे घाबरणारे नव्हेत. भर उन्हात, धुक्यात, घाटात बारा वर्षं एकही पेटी उशिरा पोचली नाही. म्हटलं, "वन्सं, पाय मोडलाय त्यांचा, हिंमत नाही." जाताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, जणू मीच आजारी आहे.

कालवा. बावीस.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज गेले नाही. गाडी धुतली. धुताना मनात येत राहिलं ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे सुटेन.

मार्चमधल्या त्या सकाळी हे म्हणाले होते, "आज उशीर होईल, नवे टायर आहेत, हळू जावं लागेल. बाईंना फोन करून सांगतो." मी पडद्यांच्या कड्या मोजत होते. डोकं वर न करता म्हटलं, "टायर म्हणजे काय लोणचं आहे मुरवायला? जा आपले." हे हसले आणि गेले. वीस मिनिटांनी फोन आला तो दुसऱ्याच कोणाच्या आवाजात.

त्याबद्दल मी ह्यांच्याशी कधी बोललेले नाही. ह्यांनीही कधी तोंडातून काढलेलं नाही. विसरले असतील, असं मी आठ महिने स्वतःला सांगतेय. विसरलेले नाहीत. माझीच चूक होती ती, आणि आता मी बावीस-बावीस किलोमीटर करून ती फेडतेय. चाळीसच्या वेगाने, सरळ रस्त्याने, कुठे खडा नाही, खळगा नाही. या वेळी कोणाला बोट ठेवायला जागा ठेवणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे शहात्तर. ह्यांनी आज दोनशेचे अडीचशे केले! मी विचारलं, "मास्तर दीडशे म्हणतात, तुम्ही अडीचशे, उद्या म्हणाल हजार. टायर झिजवून नवा घ्यायचाय का?" हसले नाहीत. पुढच्या पानांवरचे माझे आकडे बघत बसले. रस्त्याच्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत 'कालवा' लिहिलंय, नंतर तर नुसत्या खुणा केल्यात, वरच्यासारखंच म्हणून.

"नीट लिहितेस," एवढंच म्हणाले.

दुपारी लॅबच्या बाईंचा फोन आला. ह्यांचा फोन ह्यांच्याच हातात होता, तरी उचलला नाही, मला दिला. बाई म्हणाल्या, "सोमवारी येणार ना ते? मला त्या दुसऱ्या माणसाला सांगायला हवं."

"येणारच," मी म्हटलं. "टायरसुद्धा तयार झालेत."

फोन ठेवून मागे पाहिलं तर हे बाहेर गेलेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

राग अजून उतरलेला नाही, पण लिहिते.

दोनशे वीस झाले म्हणून सकाळी मास्तरांकडे गेले, की बाबा एकदा बघून 'झाले तयार' म्हणा. मास्तरांनी गाडी मधल्या स्टँडवर लावली, चाक फिरवलं आणि हसत सुटले.

"वहिनी, कुठे फिरवलीत हो? मधे रस्ता झालाय आणि दोन्ही कडांना आरसा! केस विंचरून घ्या त्यात."

मी खाली बसून पाहिलं. मधे करडा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना अडीच-तीन बोटं रुंद, काळी, चकचकीत, कारखान्यातून आली तश्शी कड. माझा चेहरा दिसला नाही एवढंच.

मास्तर म्हणाले, "सरळ जाताना गाडी मधल्या पट्ट्यावर चालते. वळताना कलते, तेव्हा कडेवर येते. कड मुरवायची तर वळायला नको? थोडं कलायचं, मग अजून थोडं. सांगितलं होतं मी पहिल्याच दिवशी." मग त्यांचं हसू कमी झालं. "घाटात पहिल्याच वळणाला या कडेवर गाडी आली असती. आणि हा जास्त वाईट प्रकार, कारण माणूस समजतो की टायर तयार आहे."

दोनशे वीस किलोमीटर जपून जपून चालवून मी ह्यांना परत त्याच चौकात नेऊन उभं करत होते.

"दादांना दाखवलं नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"रोज हात फिरवून बघतात."

"मग त्यांना कळलंच असणार. डोळे मिटून हात लावला तरी कळतं."

घरी कशी आले ते आठवत नाही. हे कपड्यांच्या दोरीच्या गाठी सोडवत होते. मी हेल्मेटसकट समोर उभी राहिले.

"कडा कोऱ्या आहेत."

ह्यांनी दोरी खाली ठेवली. "हो."

"कधीपासून माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून शंका होती. दुसऱ्या आठवड्यात खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप होतं?"

"सांगितलं असतं तर तू वळणांवर गेली असतीस."

क्षणभर मी विरघळले, खोटं कशाला बोलू. माझी काळजी! पण हे तिथे थांबले नाहीत, आणि थांबले नाहीत हे एका अर्थी बरंच झालं. खाली बघत म्हणाले, "आणि तू वळणांवर गेली असतीस तर टायर तयार झाले असते."

"मग?"

"मग मला जावं लागलं असतं."

मी विचारलं, "चोवीसला काय करणार होतात?"

"बाईंना कळवणार होतो, टायर अजून मुरले नाहीत म्हणून."

"म्हणजे मी मुरवले नाहीत म्हणून!"

ह्यांनी दोरी परत उचलली.

"म्हणजे खापर माझ्या डोक्यावर. मी पहाटे उठून मूर्खासारखी कालव्यावर चकरा मारतेय, गातेय, आणि तुम्ही रोज अंगठा फिरवून बघताय की हिचं अजून चुकतंय ना, आज तरी सुधारली नाही ना!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! घाबरलात तर घाबरलो म्हणा ना. मला काय तुमची परीक्षा घ्यायचीय?"

तेव्हा हे म्हणाले, "घाबरलोय." अगदी साध्या आवाजात, 'जेवलोय' म्हणावं तसं. "उजवीकडच्या वळणाचा विचार आला तरी पाय सुन्न होतो. आणि तू मला काय म्हणतेस? दोनशे वीस किलोमीटरमध्ये तू एकदा तरी गाडी कलवून वळलीस? पंपघराशी उतरून ढकलतेस ना गाडी? ढकलताना तुझी कमर टेकते तिथली टाकीवरची धूळ रोज पुसलेली असते."

मी आत येऊन दार लावलं. आणि हे लिहितेय. हे बाहेर पुन्हा दोरीच्या गाठी सोडवतायत, ऐकू येतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलणं नाही. भांडी तेवढी बोलतायत. एक पडदा उलटा शिवला, फुलं खाली डोकं करून लोंबतायत. उसवला.

ह्यांचं खरं आहे, हाच सगळा राग आहे. मी वळले नाही एकदाही. मास्तर पहिल्या दिवशी वळणांचं बोलायला लागले तेव्हा मी हेल्मेट घातलं ते काय घाईने घातलं? मला ऐकायचंच नव्हतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मार्चमधलं ते लोणच्याचं वाक्य मी आज ह्यांना सांगून टाकणार होते. दारापर्यंत गेले आणि परत आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मास्तरांकडे गेले. म्हटलं, पॉलिश पेपरने घासून टाकते कडा, तासाभराचं काम. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "चकाकी जाईल वहिनी, पण टायरला वाकायची सवय कोण लावणार? आणि चालवणाऱ्याला?" मग त्यांनी सांगितलं, आणि या वेळी मी हेल्मेट काखेत धरून, कान उघडे ठेवून ऐकलं. मोठं मोकळं आवार बघा, डांबराचं, कोरडं. आधी दहा मिनिटं सरळ, टायर कोमट होईपर्यंत. मग मोठं वर्तुळ. डावीकडून दहा, उजवीकडून दहा. मग जरासं लहान वर्तुळ. एकदम कलायचं नाही. शेवटी टोकाला बोटभर कोरं राहिलं तर राहू द्या, तेवढं साध्या माणसाला लागत नाही.

घरी येऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. "उद्या सकाळी बंद कारखान्याच्या आवारात जाणार आहे. यायचं तर या."

हे म्हणाले, "तिथे वाळू असते."

एवढंच. पण दुपारी हे घरात नव्हते, आणि मोठा झाडूही नव्हता. तासाभराने आले ते केसांपर्यंत धुळीने माखलेले, पाय ओढत. सबंध आवार झाडून आले होते.

मग मी सांगून टाकलं. मार्च, कड्या, लोणचं, सगळं. बोलताना रडू आलं, येणारच होतं. हे बादलीत पाय धूत होते. म्हणाले, "तू म्हणालीस म्हणून नाही गेलो मी. मीही तसाच विचार करत होतो, बारा वर्षांत काही झालं नाही, आज काय होणार. तू नुसतं मोठ्याने म्हणालीस."

२३ नोव्हेंबर, रविवार

आठ वाजता दोघं आवारात. हे मधोमध काठी टेकून उभे, मी भोवती. पहिली दहा मिनिटं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ, वेग, ब्रेक, वेग, ब्रेक. हात लावून पाहिला, कोमट. मग वर्तुळ.

पहिली वर्तुळं कसली, बटाटेच होते. हे ओरडले, "चाकाकडे बघू नकोस! जिकडे जायचंय तिकडे बघ!" मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सारखी त्यांच्याच अंगावर जात होते. तीनदा बाजूला झाले बिचारे. मग मी मान वळवून लांबच्या लोखंडी दाराकडे बघायला लागले, आणि गाडी आपोआप कलली. जराशी. धरून राहिली. डावीकडून दहा, उजवीकडून दहा. थांबून दोघांनी खाली बसून पाहिलं, करडा पट्टा एक बोट रुंदावला होता. परत. थोडं लहान वर्तुळ. परत पाहिलं. मला वाटतं, आयुष्यात आम्ही दोघांनी मिळून इतकं एखाद्या वस्तूकडे पाहिलेलं नाही.

साडेनऊपर्यंत दोन्ही कडांना बोटभर चकाकी उरली. डावीउजवीकडे सारखीच, मी बोट लावून मोजली.

मग हे बसले. हातमोजे घालायला उगाच वेळ लावला. डावीकडची वर्तुळं बघता बघता आली, जुना हात आहे, मला लाजवलं त्यांनी. उजवीकडे मात्र गाडी उभीच्या उभी ठेवून, लांबून हत्ती वळवल्यासारखी. दोनदा केली आणि थांबले.

"उद्या जमेल?" मी विचारलं.

"माहीत नाही," म्हणाले.

हे उत्तर मला आवडलं नाही, पण खरं होतं. उगाच 'जमेल' म्हणाले असते तर मी किल्ली लपवली असती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहाला हवा पाहिली, गार टायरवर. साडेसातला हे निघाले आणि पाच मिनिटांत परत आले. म्हटलं संपलं. तर म्हणाले, "रबर गार आहे. इथेच दहा मिनिटं फिरवतो." गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेग, ब्रेक, वेग, ब्रेक. शेजारचे खिडकीतून बघत होते. मी फाटकात.

मग माझ्यापाशी थांबले. इंजिन चालू. मी म्हटलं, सावकाश जा, उशीर झाला तर होऊ दे, पाणी घेतलंत का, फोन वरच्या खिशात ठेवा, वळणावर जिकडे जायचंय तिकडे बघा.

"हो," म्हणाले. मग म्हणाले, "सोड."

"काय सोडू?"

"दांडी."

खाली पाहिलं तर सीटमागची लोखंडी दांडी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. कधी धरली ते आठवत नाही. एकेक बोट काढावं लागलं. हे गेले. वाजले होते सात पन्नास.

सव्वाआठ. चौक ओलांडला असेल. फोन नाही म्हणजे ओलांडला.

आठ पस्तीस. मशीनवर बसले. सरळ शिलाई सरळ येईना. उठले.

नऊ. वर पोचायला हवेत.

नऊ वीस. फोन करणार नाही. चालवताना फोन वाजला तर लक्ष जाईल. फोन उलटा करून उशीखाली ठेवला, मग परत काढला.

नऊ पन्नास. नणंदबाईंचा फोन. "गेला?" "गेले." मग त्या म्हणाल्या, "पोहायलाही गेला होता शेवटी," आणि ठेवला.

दहा वीस. मास्तरांनी निरोप पाठवला, दादा आले की हवा बघायला पाठवा. आले की!

अकरा. काही नाही.

अकरा पन्नास. आले.

लिहायचं राहिलं ते आता दुपारी लिहितेय. गाडी वळली तो आवाज मी ओळखला, पण धावले ती ह्यांच्याकडे नाही, चाकाकडे. फाटकातच खाली बसले. डावीकडची चकाकी अर्ध्या बोटावर आली होती, रबराच्या कडेला बारीक सुरकुत्या पडलेल्या, काम केलेल्या हातासारख्या. उजवीकडे मी काल सोडलेली बोटभर चकाकी जशीच्या तशी. एका केसाचा फरक नव्हता. मी काल आवारात जेवढी कलले तेवढेच हे आज डोंगरात कलले, त्याच्या पुढे नाही.

हे गाडीवरूनच म्हणाले, "बाई म्हणाल्या, वीस मिनिटं उशीर, पण पेटी थंड होती. उद्यापासून या म्हणाल्या."

ऐकलं, पण मान वर केली नाही. या वेळी दिसलेलं गिळायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "उजवीकडे काहीच गेलेलं नाही."

"दिसलं तुला."

"दिसणारच. हात लावला तरी कळतं." मग विचारलं, "भीती वाटली?"

ह्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते, या थंडीत. "बेचाळीस वेळा," म्हणाले. "एकवीस जाताना, एकवीस येताना."

आणि उतरले. उतरताना पाय अवघडला म्हणून माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला, मी खालीच बसलेले होते. आत येऊन जेवले आणि बसल्या खुर्चीत झोपून गेले. बूट मी काढले, आधी डावा, मग सावकाश उजवा.